लेखकाच्या खुर्चीची गादी

ज्याच्या घरी पाहुणे म्हणून जायचं तो माणूसच मेलेला असला, तर हातात काय घेऊन जायचं? तुम्हाला कधी हा प्रश्न पडला नसेल. मलाही पडला नसता. पण माझं लग्न झालेलं आहे.

माझा धंदा गाद्या शिवायचा. सोफे, खुर्च्या, स्कूटरच्या सीटा, एकदा तर दातांच्या डॉक्टरची ती मागे कलणारी खुर्चीसुद्धा केलीय. शाळेतला बाक फार टोचायचा, म्हणून मी शाळा सोडली आणि लोकांना बसायला मऊ करून द्यायच्या कामाला लागलो. पुस्तकाशी माझा संबंध एवढाच, की गिऱ्हाइकाच्या सोफ्याचा पाय मोडला असेल तर खाली तात्पुरतं लावायला जाडसं काहीतरी लागतं. आणि तेही आमच्या हिला कळलं तर घरात जेवायला मिळत नाही.

वाचायचं खातं हिच्याकडे. हिचा एक लेखक आहे. आहे म्हणजे होता, जाऊन जमाना झाला. पण ही त्याच्याबद्दल बोलते ते माहेरच्या माणसाबद्दल बोलावं तसं. ‘त्यांना असलं चालायचं नाही’, ‘ते असते तर म्हणाले असते’. लग्न झाल्यावर बरेच दिवस मला वाटायचं, हिचा कुणी मामा असेल. एकदा मी विचारलंसुद्धा, की एवढं प्रेम आहे तर लग्नाला का आले नव्हते? त्यावर ही जी हसली, ती अजून अधूनमधून हसते.

तर त्या लेखकाचं घर सरकारनं जसंच्या तसं जपून ठेवलंय. तिकीट काढायचं, आत जायचं, बघून यायचं. बस थेट दारात सोडते. ही किती वर्षं म्हणत होती आणि मी किती वर्षं ‘हा सोफा संपू दे’ म्हणत होतो. सोफे काही संपत नाहीत. शेवटी एका रविवारी मीच म्हटलं, “चल, जाऊन येऊ.”

“जाऊ की,” ही म्हणाली. “पण रिकाम्या हातानं कसं जायचं?”

“अगं, माणूस घरात नाही.”

“नसला म्हणून काय झालं? पहिल्यांदा कुणाच्या घरी जायचं आणि हात हलवत जायचं? लोक काय म्हणतील?”

“कुठले लोक? तिथं कुणीच नाही!”

पण हिच्या मनात काय न्यायचं ते आधीच ठरलेलं होतं. त्या लेखकानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय म्हणे, की माझी लिहायची खुर्ची मला चावते. उठावंसं वाटतं, पण उठलो की हाताशी आलेलं वाक्य पळून जातं, म्हणून बसून राहतो. ही हे मला निदान वर्षातून एकदा वाचून दाखवते, आणि पुस्तक मिटून दरवेळी तेच म्हणते, “घरात एवढी माणसं होती. एकालाही सुचलं नाही, की बाबा, या खुर्चीवर एक गादी टाकावी!” आणि बघते माझ्याकडे. जसा काही मी त्या घरात राहात होतो.

“आणि मी गादीवाल्याची बायको,” ही म्हणाली. “मी जर गादी नेली नाही, तर कोण नेणार?”

धंद्याच्या अब्रूचा प्रश्न आला.

आधी रीतसर विचारावं म्हणून मी तिथं फोन केला. पलीकडचा माणूस सज्जन होता, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, वस्तू स्वीकारायची तर समिती लागते.” म्हटलं, बोलवा समिती. तो म्हणाला, “समिती नेमायची राहिलीय. ती नेमायला दुसरी समिती आहे, तिचे अध्यक्ष आजारी आहेत.” हे मी घरात सांगितल्यावर ही एकच वाक्य बोलली, “दुखत असलेल्या माणसाला गादी द्यायला समिती कशाला?” झालं. मी दाभण काढलं.

आता इथं आमचे शेजारी येतात. सरकारी कचेरीतून रिटायर झालेत, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांना माहिती असते, म्हणून आम्ही त्यांना माहितीखातं म्हणतो. तोंडावर नाही. मी कापड बेतायला घेतलं, की हे आमच्या दारात, हात मागे बांधून.

“माप कुठून आणलंत, गादीवाले?”

मी हिच्या पुस्तकाच्या पाठीवरचा फोटो दाखवला. लेखक खुर्चीत बसलेला, मांडीवर वर्तमानपत्र. वर्तमानपत्राची घडी केवढी असते हे मला पक्कं माहीत, रोज दुपारी माझा डबा तिच्यावरच उघडतो. त्यावरून खुर्चीची रुंदी काढली. खोली जरा अंदाजानं धरली. इतकी वर्षं लोकांची बसायची मापं घेतल्यावर एवढं डोळ्यानं कळतं.

“माप ठीक आहे,” माहितीखातं म्हणालं. “पण हे कापड? नवं कोरं? अहो, ते जुनं घर आहे. तिथं ही गादी अशी दिसेल, की म्हाताऱ्यांच्या पंगतीत नवरदेव.”

हिला पटलं. हिनं कपाटातून एक जुना, जाड पडदा काढला.

“आणि आत काय, फोम?” त्यांनी कपाळावर हात मारला. “त्या काळी फोम होता का? कापूस घाला, कापूस!”

कापूस घातला.

“रंग अजून उजळ वाटतो. चहाच्या पाण्यात बुडवून काढा. जुना दिसेल.”

चहात बुडवला. दोन दिवस गच्चीवर ती खोळ वाळत होती आणि अख्खी इमारत जिन्यात आली की म्हणायची, कुणाकडे तरी चहा टाकलाय.

इतकं झाल्यावर हिनं स्वतःच्या हौसेनं गादीच्या एका कोपऱ्यात, बारीक टाक्यांत, लेखकाच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. मीही पेटलो होतो. मशिनवर न शिवता कडेची सगळी शिवण हातानं घातली. खरं सांगतो, माझ्या हातून एवढं चांगलं काम आजवर झालं नव्हतं. डॉक्टरची खुर्ची धरूनसुद्धा.

पुढच्या रविवारी निघालो. बसमध्ये ही गादी पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसली. लेकराला धरावं तशी. माझ्या खाली बसचं बाक म्हणजे नुसतं फळकूट. मी म्हटलं, “जरा दे की इकडे, तेवढाच आराम.” हिनं पिशवी पलीकडे सरकवली. गादीवाला फळकुटावर आणि गादी मांडीवर, असे आम्ही त्या थोर माणसाच्या दारी पोचलो.

दारावरचा पहारेकरी एका माणसाशी छत्रीवरून भांडत होता. माणूस म्हणत होता छत्री आत नेणार, पहारेकरी म्हणत होता टोक असलेली कुठलीही वस्तू आत न्यायची नाही. त्या गडबडीत आमची पिशवी कुणी बघितलीच नाही. तेव्हा मला वाटलं, बरं झालं. माणसाला काय कधी बरं वाटेल याचा नेम नसतो.

घर छान होतं, खोटं कशाला बोलू. काचेखाली चष्मा, लेखणी, दाढीचा ब्रश. कोपऱ्यात चपला, उजवी जास्त झिजलेली. ही घरात अशी चालली जसं काही लहानपणी इथंच खेळली होती. जिन्याजवळ थांबून म्हणाली, “इथंच पाय घसरून पडले होते ते.” खिडकीशी गेली आणि म्हणाली, “हं, इथून तो माणूस दिसायचा.” कोण माणूस, मी विचारलं नाही. हिचा चेहरा असा झाला होता, की मध्ये बोलायची माझी छाती झाली नाही.

मग ती लिहायची खोली. टेबल, दिवा, आणि ती खुर्ची. भोवती जाड लाल दोरी. भिंतीवर तोच फोटो, मोठा करून लावलेला.

खुर्ची बघून मी हबकलो. लाकूड ठीक. पण बैठक? सपाट, कडक, आणि मध्ये एक फळी जराशी वर आलेली, नेमकी नको तिथं. माणूस या खुर्चीत बसून पुस्तकं लिहितो? मी असतो तर बसल्या बसल्या बनवणाऱ्याला शिव्या लिहिल्या असत्या. त्या क्षणी मला पहिल्यांदा हिचा लेखक आपला वाटला.

खोलीत आम्ही दोघंच. हिनं पिशवीतून गादी काढली. फोटोकडे बघून मान हलवली, जसं ‘येऊ का?’ विचारावं. एक पाय दोरीवरून आत टाकला, दोन्ही हातांनी गादी पुढे केली, आणि

भोंगा वाजला.

दोरीला कसलंतरी यंत्र बसवलेलं होतं. ते असं ओरडायला लागलं जसं काही त्याच्याच अंगावर पाय पडला. ही एक पाय आत, एक पाय बाहेर, हातात गादी, तशीच उभी. तेवढ्यात तो पहारेकरी धावत आला. हातात छत्री. म्हणजे ते भांडण त्यानं जिंकलेलं दिसत होतं.

“ठेवा! ठेवा ती गादी जाग्यावर!”

“तेच तर करतेय!” ही म्हणाली.

“उचलताना पकडलं की सगळे असंच म्हणतात, बाई.”

“अहो, ती उचलत नाहीये, ठेवतेय,” मी म्हटलं.

“आणि तुम्ही बाहेर उभं राहून पाळत ठेवताय,” पहारेकरी म्हणाला. “बोलवतो साहेबांना.”

साहेब आले. तरुण होते, सभ्य होते, आणि तोंडावरून त्यांची रविवारची झोप मोडलेली दिसत होती. आधी पाणीपुरवठ्यात होते, नुकतीच बदली होऊन या घरावर आले होते. वस्तूंची यादी अजून त्यांच्या हाती लागलेली नव्हती, आणि पहारेकऱ्याची ड्यूटी दारावर, आत तो भोंगा वाजला तरच यायचा. मी त्यांना सगळं सांगितलं. फोन सांगितला, समिती सांगितली.

“फोनवर कोण होतं?”

“नाव नाही विचारलं. सज्जन होते.”

“सज्जन रजेवर आहेत,” साहेब म्हणाले. मग त्यांनी गादी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. “पण ही तर जुनी वाटतेय.”

“जुनी केलीय, साहेब. चहात बुडवून.”

पहारेकऱ्यानं गादीला नाक लावलं. “चहाचा वास येतोय खरा.”

“येणारच,” साहेब म्हणाले. “ते फार चहा घ्यायचे, असं बाहेरच्या पाटीवर लिहिलंय.”

मी आत बघा म्हटलं, कापूस आहे. साहेब म्हणाले, म्हणजे फोम नाही, म्हणजे त्या काळातली. प्रत्येक वेळी मला समोर माहितीखातं दिसत होतं, हात मागे बांधून. आणि मग साहेबांना कोपऱ्यातलं ते अक्षर सापडलं.

“हे काय?”

मी हिच्याकडे बघितलं. हिनं रिकाम्या पिशवीची घडी घालायला घेतली.

“नावाचं अक्षर,” पहारेकरी हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात माझ्याबद्दल आता दयाच होती.

“हा फोटो बघा,” मी म्हटलं. “फोटोत कुठं गादी आहे?”

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. साहेबांनी बराच वेळ बघितलं. “ते बसलेत,” ते म्हणाले. “बसलेल्या माणसाच्या खालचं कसं दिसणार?”

फोटोतल्या माणसाला जरा उठा म्हणायची सोय नाही.

“सोपं आहे,” साहेब म्हणाले. “घालून बघू. बसली तर इथली, नाही बसली तर यांची.”

भोंगा बंद केला. पहारेकरी दोरी ओलांडून आत गेला आणि त्यानं गादी खुर्चीवर टाकली. पण टाकली कशी, तर वाकडी, अक्षराचा कोपरा मागे. आता मला गप्प बसायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. पण मघापासून ती वर आलेली फळी मला दिसत होती, आणि समोर हा माणूस माझी गादी पोत्यासारखी फेकतोय.

“अहो, फिरवा तिला,” मी म्हटलं. “अक्षर पुढे, डाव्या हाताला. हं. आता मागचा कोपरा आत दाबा. अजून. बसली!”

बसली म्हणजे काय, अशी बसली जसं लाकडातून उगवलीय. चारी बाजूंना करंगळीएवढीसुद्धा फट नाही. मला इतका आनंद झाला, की मी जवळजवळ टाळी वाजवली.

“बघा,” पहारेकरी म्हणाला. “यांना बरोब्बर माहितीय कशी असते ते.”

साहेब वाकून शिवणीकडे बघत होते. “काय काम आहे!” ते म्हणाले. “हातानं घातलेले टाके. असं काम करणारी माणसं आता राहिली नाहीत हो.”

तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत माझ्या कामाचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि ते करणारा मला पोलिसात द्यायच्या बेतात होता. मी खूश व्हावं की घाबरावं, मला कळेना. दोन्ही झालो. “साहेब, राहिलीत,” मी म्हटलं. “एक तर तुमच्यापुढे उभा आहे. कात्री आणा, एक बाजू उसवतो आणि तुमच्यासमोर परत तश्शीच शिवून दाखवतो.”

“कात्री?” साहेब ताडकन उभे राहिले. “वर मोडतोड करणार?”

“काही उसवायचं नाही!” ही एकदम ओरडली. माझ्यावर.

साहेब थकून टेबलाला टेकणार होते, पण टेबल लेखकाचं असल्यामुळे मध्येच सरळ झाले. “हे बघा, काका,” ते म्हणाले. “गादी तुमची असेल, तर ती तुम्ही परत घेऊन जायची. परवानगीशिवाय मला इथं टाचणीसुद्धा ठेवता येत नाही. आणि गादी इथली असेल, तर तुम्ही ती चोरत होता. आता तुम्ही म्हणताय तुमची. कशावरून? एक पुरावा द्या, गादी घ्या आणि सुखानं घरी जा.”

“पुरावा आहे की!” मी म्हटलं. मला एकदम आठवलं. “आमची ही सांगेल. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, या खुर्चीवर काय होतं आणि काय नव्हतं ते. हिला पाठ आहे. सांग गं.”

सगळे हिच्याकडे बघायला लागले. हिनं तोंड उघडलं. “त्यांनी लिहिलंय,” ही म्हणाली, “की ही खुर्ची...”

आणि थांबली.

ती माझ्याकडे बघत नव्हती. साहेबांकडे बघत नव्हती. दोरीच्या पलीकडे, खुर्चीवर, गादी बसली होती. अक्षर पुढे, डाव्या हाताला. खिडकीतलं ऊन तिच्यावर आलं होतं आणि तो चहाचा रंग त्या लाकडाला असा शोभत होता, की मीच क्षणभर म्हटलं असतं, ही इथलीच.

“काय लिहिलंय?” साहेबांनी विचारलं.

हिनं पदरानं तोंड पुसलं. आवाज एकदम खाली आणला. “काही नाही, साहेब,” ही म्हणाली. “इथलीच आहे ती. मोह झाला. उचलत होतो आम्ही.”

“अगं ए!” मी म्हटलं.

“तुम्ही गप्प बसा,” ही म्हणाली. “किती खोटं बोलाल? चहात काय बुडवली, फोन काय केला. मला लाज वाटायला लागली.”

माझी बायको. लग्नाची. माझ्या डोळ्यांसमोर मला चोर म्हणतेय, आणि तेही माझ्याच गादीचा.

साहेबांचं तोंड मात्र एकदम उतरलं. चोरी म्हटली की पोलीस, वरच्या कचेरीला कळवणं, चौकशी, सगळं आलं. ते त्यांच्या डोळ्यांपुढे नाचत असणार. हिला ते बरोबर दिसलं. कारण ही पुढे म्हणाली, “पण साहेब, गादी तर जाग्यावरच आहे ना? मग गेलं काय? कुठं काही हललंच नाही म्हणायचं.”

साहेबांनी खुर्चीकडे बघितलं. पहारेकऱ्याकडे बघितलं. “तसं म्हटलं,” ते सावकाश म्हणाले, “तर काहीच घडलेलं नाही.”

“असं कसं?” पहारेकरी नाराज झाला. छत्री जिंकून आलेला माणूस, त्याला एवढ्यावर समाधान नव्हतं. “निदान माफी तरी मागायला लावा.”

“मागा माफी,” साहेब मला म्हणाले.

“मी?”

“आमच्याकडून पुन्हा कधी असं होणार नाही, म्हणा,” हिनं मला ढोसलं. हिचे डोळे असे चमकत होते, की या बाईला चोरीबद्दल पकडलंय हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

आता माफी मागायची कुणाची? साहेबांचं मी काही घेतलं नव्हतं. शेवटी मी भिंतीवरच्या फोटोपुढे हात जोडले. मनात म्हटलं, बाबा रे, खरं काय ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. टाके माझे आहेत. नीट बस. आणि मोठ्यानं म्हटलं, “चुकलं आमचं.”

पहारेकऱ्यानं दोरी परत ताणून बांधली, भोंगा चालू केला. माझं सगळं आयुष्य गाद्या करण्यात गेलं. लोक त्यांच्यावर बसतात, झोपतात, सांडतात, पोरं उड्या मारतात, आणि फाटल्या की मला शिव्या देतात. माझ्या कामाभोवती दोरी बांधलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

आम्ही दाराकडे वळलो, तेवढ्यात एक नवं कुटुंब खोलीत आलं. नवरा, बायको, सोबत एक म्हातारे गृहस्थ. साहेब अजून तिथंच होते, आणि आता त्यांना हुरूप आला होता.

“ही त्यांची लिहायची खुर्ची,” ते म्हणाले. “गादीसुद्धा मूळची. हातानं शिवलेली आहे. हात लावू नका.”

“वा!” म्हातारे गृहस्थ दोरीवरून वाकून म्हणाले. “आमच्या घरी सोफा आहे, त्याला असं काम करणारा माणूस शोधून शोधून दमलो. मिळतच नाही.”

मी थांबलो. खिशात हात घातला. दुकानाचं कार्ड मी नेहमी जवळ ठेवतो, कुठं कधी कुणाचं बूड दुखत असेल सांगता येत नाही. कार्ड बाहेर काढून मी एक पाऊल पुढे टाकलं, तेवढ्यात हिनं माझा दंड पकडला आणि कानाशी येऊन म्हणाली,

“अहो, आपण चोर आहोत. चला निघा.”